उलट्या ऋतूतला नाताळ

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला तेव्हा पाऊस नुकता धरला होता. ‘दरवर्षी परत येणारं काहीतरी घ्या,’ एवढंच त्यांचं म्हणणं. दिवाळी अंक हीच मुळात तशी वस्तू. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही वस्तू नेमानं येते आणि तिचं काम दरवर्षी भलत्याच ऋतूत होतं. आकाशकंदिलांबद्दल लिहिताना दाराशी छत्र्या निथळत असतात. पेणच्या कारखान्यांत गणपती घडतात ते ऐन उन्हाळ्यात. सणाचा माल सणाच्या दिवसांत बनत नाही, त्या दिवसांत तो फक्त खपतो.

या विचारातून मी पोचलो एका इंग्लिश रॉक गाण्यापाशी. स्लेड नावाच्या चौघांच्या बँडचं ‘मेरी एक्समस एव्हरीबडी’ हे गाणं डिसेंबर १९७३ मध्ये बाजारात आलं. त्याला आता पन्नासावर वर्षं झाली. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर लागला की दुकानांच्या छतातल्या स्पीकरमधून ते सुरू होतं आणि डिसेंबरभर पाठ सोडत नाही. कचेरीतल्या पार्ट्यांत, पबमध्ये, फुटबॉलच्या मैदानावर, टॅक्सीत ते असतंच. शेवटाकडे गायक नाताळ आल्याची जी लांबलचक आरोळी ठोकतो, ती तिथल्या लहान मुलांनाही येते. ती देणाऱ्या माणसाचं नाव त्यांना ठाऊक असेलच असं नाही.

म्हणून उन्हाळ्यातच, जेव्हा तिथं नाताळचं नावही नसतं, तेव्हा या गाण्याचा मुलूख बघायला गेलो.

भट्ट्यांचा मुलूख

बर्मिंगहॅमहून वुल्व्हरहॅम्प्टनला जाणारी ट्राम वेस्ट ब्रॉमविच, वेन्सबरी आणि बिल्स्टन अशी गावं घेत जाते. या पट्ट्याला ब्लॅक कंट्री म्हणतात. दगडी कोळसा, लोखंड, कालवे आणि धूर यांवर हा भाग उभा राहिला. इथल्या प्रत्येक गावाचा एकेक धंदा होता. विलेनहॉल कुलपांचं, वॉल्सॉल घोड्यांच्या खोगिरांचं आणि चामड्याच्या कामाचं, बिल्स्टन पोलादाचं. आज ट्रामच्या खिडकीतून गोदामं, गाड्यांची गॅरेजं, मधूनच एखादी जुनी चिमणी आणि शांत पडलेला कालवा दिसतो. बिल्स्टनचा पोलाद कारखाना १९७९ मध्ये बंद झाला.

बिल्स्टन आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या बाजारांत पंजाबी मिठाई आणि कापडाची दुकानं आहेत. १९५० आणि ६० च्या दशकांत इथल्या भट्ट्यांवर राबायला पंजाबातून माणसं आली. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बसवर काम करणाऱ्या शिखांना पगडी घालायची परवानगी मिळावी म्हणून झगडा झाला, तो १९६९ मध्ये मिटला. इनॉक पॉवेल हा स्थलांतरितांविरुद्ध बोलणारा पुढारी याच शहरातून निवडून येत असे. स्लेडची मुलं ज्या रस्त्यांवर वाढली ते हे रस्ते, आणि ती वाढली तीही कष्टकऱ्यांच्या घरांत.

नेव्हिल ऊर्फ नॉडी होल्डर वॉल्सॉलच्या कामोर भागात १९४६ मध्ये जन्मला. वडील खिडक्या धुण्याचं काम करत आणि कामगारांच्या क्लबात हौसेनं गात. त्यांच्यामुळे मुलगाही लहानपणीच क्लबात गाऊ लागला. पुढं वडिलांच्या शिड्या-बादल्यांच्या गाडीतून तो रॉबर्ट प्लँटच्या सुरुवातीच्या एका बँडचं सामानही वाहून न्यायचा. हा प्लँट म्हणजे नंतरच्या लेड झेपलिनचा गायक. ड्रमवाला डॉन पॉवेल बिल्स्टनचा. तो फाउंड्रीत धातूंच्या तपासणीचं काम करत होता. गिटारवाला डेव्ह हिल एका कंपनीच्या कचेरीत कारकुनी करायचा. बास वाजवणारा जिम ली सगळ्यांत धाकटा. त्याचं शिक्षण व्हायोलिनवर, पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीनं झालं होतं आणि मुलांच्या वाद्यवृंदात त्यानं वाजवलं होतं.

या चौघांना हेरलं चॅस चँडलरनं. ‘द ॲनिमल्स’ या बँडचा हा जुना बास वादक. जिमी हेंड्रिक्सला अमेरिकेतून लंडनला आणून जगासमोर ठेवणारा हाच. त्यानं आधी स्लेडच्या पोरांचं मुंडण करवलं आणि त्यांना रस्त्यावरच्या टग्यांचा वेष दिला. तो जमला नाही, तसे केस वाढले, कपडे चमकू लागले. होल्डरच्या उंच टोपीवर गोल आरसे बसले, म्हणजे मंचावरचा झोत त्यावर पडला की उजेड प्रेक्षकांवर उधळायचा. हिलचे कपडे तर चित्रविचित्र. गाण्यांची नावं ते मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं, आपल्या गावरान उच्चाराप्रमाणे लिहीत. इंग्रजीचे मास्तर चिडायचे आणि पोरं रेकॉर्डी घ्यायची. नाताळच्या गाण्याआधीच, १९७१ ते १९७३ या काळात, त्यांची पाच गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांतली दोन तर बाजारात येताच थेट वर जाऊन बसली.

वॉल्सॉलला कालव्याच्या काठी २००० साली उघडलेलं एक देखणं कलादालन आहे. शिल्पकार जेकब एपस्टाइनच्या कामांचा मोठा संग्रह तिथं आहे. या दालनाच्या लिफ्टमध्ये मजल्यांची घोषणा करायला गावानं होल्डरचाच आवाज ध्वनिमुद्रित करून घेतला. एखाद्या भट्टीच्या गावानं आपल्या गायकाचा यापेक्षा वेगळा सन्मान काय करायचा?

सासूबाईंचं आव्हान

गाण्याची ठिणगी पडली जिम लीच्या सासुरवाडीत. तुम्ही एवढी गाणी करता, पण ‘व्हाइट ख्रिसमस’सारखं दरवर्षी वाजेल असं काही का करत नाही, असं सासूबाईंनी जावयाला विचारलं. अर्व्हिंग बर्लिनचं आणि बिंग क्रॉस्बीनं गायलेलं ते गाणं १९४२ पासून घराघरांत होतं. लीला सूचना आवडली नाही. गडगडाटी रॉक वाजवणाऱ्या बँडनं नाताळचं गाणं करणं त्याला बालिश वाटलं. पण बोल मनात राहिला आणि एकदा शॉवरखाली उभा असताना कडव्याची चाल सुचली.

कडवं झालं, ध्रुवपदाचा पत्ता नाही. तेव्हा लीला होल्डरनं १९६७ मध्ये केलेलं एक गाणं आठवलं. त्यात डुलत्या खुर्चीबद्दल काहीतरी होतं आणि त्याचा बाज त्या काळच्या गुंगीच्या संगीताचा होता. बाकीच्यांना ते न आवडल्यामुळं होल्डरनं ते टाकून दिलं होतं. त्या टाकलेल्या गाण्याचं ध्रुवपद लीनं आपल्या कडव्याला जोडलं, तेव्हा दोन्हींचा सांधा बसला. आज लाखो लोक हात वर करून जो भाग गातात, तो सहा वर्षं अडगळीत होता.

शब्द लिहायचं काम होल्डरकडं आलं. एका संध्याकाळी पबमधून तो वॉल्सॉलला आई-वडिलांच्या घरी गेला आणि रातोरात त्यानं ते संपवलं. या शब्दांत येशू नाही, गोठा नाही, तारा नाही. सगळं घरचं आहे. पोरांनी भिंतीवर मोजे टांगलेत का, येणारे पाहुणे घरात मावतील का, असे प्रश्न ऐकणाऱ्यालाच विचारलेले आहेत. जुनी गाणीच बरी म्हणणारी आणि तरी नव्या ठेक्यावर डुलणारी आजी त्यात आहे. सांताक्लॉजची थोडी चेष्टा आहे. आणि ध्रुवपदात एक सांगणं आहे की पुढं बघा, अजून बरंच व्हायचंय. होल्डरच्या डोळ्यांसमोर कामगार वस्तीतला नाताळ होता. बर्लिनच्या गाण्यातली माणसं दूर राहिलेल्या बर्फाळ गावासाठी हुरहुरतात. इथं कुणाला कशाचीच हुरहुर नाही. घर भरलेलं आहे, आवाज चढलेला आहे आणि खुर्च्या कमी पडताहेत.

डॉनचा अपघात

गाणं ध्वनिमुद्रित व्हायच्या आधी बँडवर जे कोसळलं, त्याचा मागमूस त्या आनंदी सुरांत लागत नाही. ४ जुलै १९७३ च्या पहाटे वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये डॉन पॉवेलच्या गाडीला अपघात झाला. त्याच्याबरोबरची त्याची प्रेयसी, अवघ्या विशीतली मुलगी, जागीच गेली. पॉवेलची कवटी फुटली होती. तो कित्येक दिवस बेशुद्ध होता. तेव्हा स्लेड यशाच्या ऐन शिखरावर होता आणि ठरलेले कार्यक्रम पुढं होते. त्यांतल्या एका बेटावरच्या कार्यक्रमांना लीचा धाकटा भाऊ ड्रमवर बसला.

पॉवेल वाचला, पण अर्धा माघारी राहिला. वास आणि चव कायमची गेली. जवळच्या गोष्टींची आठवण टिकेना. काल कुठं वाजवलं, आज काय वाजवायचंय, सगळं पुसलं जायचं. तेव्हापासून तो रोजनिशी लिहू लागला आणि पुढची सगळी वर्षं लिहीत राहिला, कारण दिवस कागदावर उतरला नाही तर त्याच्या हाती उरत नसे. मंचावर चढायला-उतरायला त्याला आधार लागे. ठेके हातात होते, पण गाण्याचा कुठला भाग कधी येतो ते बाकीच्यांनी सांगावं लागे.

भाजलेली टर्की, मसाल्याची वाइन आणि पाइनच्या फांद्या यांच्या वासानं जो सण ओळखला जातो, त्या सणाचं सगळ्यांत गाजलेलं रॉक गाणं वाजवणाऱ्या ड्रमवाल्याला त्यातला एकही वास आणि चव परत मिळाली नाही. हे वाचून गाणं पुन्हा लावलं की ठेक्याकडं लक्ष जातं. तो साधा आहे, भक्कम आहे आणि एकदाही डगमगत नाही.

न्यूयॉर्कच्या उकाड्यात

अपघाताला काही आठवडे झाले नाहीत तोच स्लेड अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. उन्हाळा उतरणीला लागला होता, पण न्यूयॉर्क तापलेलंच होतं. तिथल्या वेस्ट ४४ व्या रस्त्यावरच्या रेकॉर्ड प्लांट या स्टुडिओत नाताळचं गाणं करायला घेतलं. चँडलरला ही जागा चांगली ठाऊक. हेंड्रिक्सच्या ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’चं काम इथंच झालं होतं आणि त्याच कामाच्या मध्यावर चँडलर त्याच्यापासून वेगळा झाला होता.

एरवी स्लेडची पद्धत म्हणजे चौघांनी एकत्र उभं राहायचं, जोरात वाजवायचं आणि झटपट संपवायचं. या वेळी पॉवेलच्या आठवणीमुळं ते जमण्यासारखं नव्हतं. मग तुकड्या-तुकड्यानं काम झालं. आधी एक वाद्य, त्यावर दुसरं, त्यावर आवाज. पाच दिवस लागले. पहिल्यांदा जे हाती आलं ते कुणाला आवडलं नाही, म्हणून पुन्हा केलं. ध्रुवपदाला मोठा घुमारा हवा होता. तो स्टुडिओत मिळेना, तेव्हा मंडळी माइक घेऊन इमारतीच्या मोकळ्या मार्गिकेत गेली आणि तिथं भर उन्हाळ्यात नाताळचा घोष सुरू झाला. कामावर येणारे-जाणारे अमेरिकी लोक या चमकत्या कपड्यांतल्या इंग्रजांकडं बघत पुढं जात. आपल्याला जी खोलीभर माणसं एकत्र गात असल्यासारखी वाटतात, ती त्या मार्गिकेच्या भिंतींवरून परतलेली आहेत.

त्या दिवसांत जॉन लेनन याच स्टुडिओत आपल्या ‘माइंड गेम्स’चं काम करत होता. त्याच्या कामासाठी आणलेलं हार्मोनियम तिथं होतं. स्लेडनं ते घेतलं आणि गाण्याच्या सुरुवातीला जी धिमी, भात्याच्या दमावर चालणारी साथ येते ती त्यावर वाजवली. ती ऐकताना आपल्या कानाला ओळख पटते, कारण ही आपली पेटीच. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये आलेलं हे वाद्य मिशनऱ्यांबरोबर इकडं आलं, कोलकात्यात त्याला हाताचा भाता बसला आणि महाराष्ट्रात ते संगीत नाटकाला, भजनी मंडळाला, देवळाला मिळालं. युरोपात ते छोट्या चर्चचं वाद्य, गरिबाचा ऑर्गन होतं. या गाण्यात देवाचं नाव कुठं नाही, पण चर्चच्या बाकावर बसून ऐकलेला एक सूर मात्र त्या भात्यातून आलेला आहे.

घरी पेटी असेल तर ध्रुवपदाची गंमत वाजवून पाहता येईल. चालीखालचा खर्ज ऐका. तो षड्जावरून शुद्ध गंधारावर जातो, तिथून अर्ध्या पायरीनं घसरून कोमल गंधारावर येतो आणि मग पंचमाला टेकतो. दोन्ही गंधार आपल्याकडं जोग रागातही येतात, पण तिथं त्यांचा रंग उदास, गूढ. इथं त्या कोमल गंधारावर चाल क्षणभर काळवंडते आणि लगेच उजेडात येते. सगळे मजा करताहेत असं म्हणताना सुरांनी एक पाऊल अंधारात टाकलेलं असतं. नुसती गोड चाल दहा वेळा ऐकली की कंटाळा येतो. ही हजारदा ऐकली तरी टिकते, याचं बरंचसं श्रेय त्या एका घसरणीला जातं.

स्लेड एकटाच असा उलट्या ऋतूत राबला असं नाही. १९४५ च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या उकाड्यात दोन जोड्या वेगवेगळ्या बसल्या होत्या. मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी शेकोटीवर भाजलेल्या चेस्टनटचं ‘द ख्रिसमस साँग’ लिहिलं, तर सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन यांनी ‘लेट इट स्नो’. उकाडा सहन होईना, म्हणूनच बर्फ सुचला. स्लेडच्या शेजारचा, बर्मिंगहॅमचा रॉय वुड आणि त्याचा बँड विझार्ड यांनीही १९७३ मध्येच, ऑगस्टात, लंडनच्या एका स्टुडिओत पंखे आणि नाताळची सजावट लावून आपलं नाताळ गाणं मुद्रित केलं. १९८४ च्या ऑगस्टात वॅम या बँडच्या ‘लास्ट ख्रिसमस’साठीही स्टुडिओत सजावट केली होती. सणाचा भाव आपोआप उमलत नाही. कारागिराला तो आधी स्वतःत आणावा लागतो, मग मालात भरावा लागतो.

साडेदहाला बंद होणारा टीव्ही

गाणं तयार झालं तेव्हा पुढं काय वाढून ठेवलंय याची चौघांना कल्पना नव्हती. महागाई, संप आणि १९७२ च्या खाण संपात गेलेली वीज हे लोकांनी पाहिलं होतं. पण ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध झालं, अरब देशांनी तेल रोखलं आणि भाव भडकले. नोव्हेंबरात ब्रिटिश खाण कामगारांनी जादा वेळ काम करायचं बंद केलं. कोळशाचे साठे आटू लागले. १३ डिसेंबरला पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी जाहीर केलं की नव्या वर्षापासून कारखाने आणि कचेऱ्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळेल. १७ डिसेंबरपासून टीव्ही रात्री साडेदहाला बंद होऊ लागला. रस्त्यांवर वेगाची मर्यादा घातली गेली. मेणबत्त्यांसाठी रांगा लागल्या.

हीथ यांच्या घोषणेनंतर दोनच दिवसांनी, १५ डिसेंबरच्या आठवड्याच्या खपाच्या यादीत स्लेडचं गाणं थेट पहिल्या क्रमांकावर होतं. आगाऊ मागणीच पाच लाखांवर गेली होती. रेकॉर्डी ज्या प्लॅस्टिकच्या बनतात तेही तेलातूनच निघतं, आणि त्याचीही टंचाई भासू लागली होती. तरी गाणं दहा लाखांहून अधिक खपलं. नाताळ सरला, झाडं कचऱ्यात गेली, १ जानेवारीला तीन दिवसांचा आठवडा सुरू झाला, आणि गाणं जानेवारीच्या मध्यापर्यंत वरच होतं. सण संपल्यावरही नाताळचं गाणं विकत घेणारी माणसं नक्की काय विकत घेत असतील, याचा अंदाज त्या ध्रुवपदातल्या ‘पुढं बघा’वरून येतो.

हे गाणं संकटाला उत्तर म्हणून लिहिलं, असं नंतर पुष्कळदा सांगितलं गेलं. तारखा बघितल्या तर ते तसं नाही. ते अरबांचं तेल अडण्याआधीच लिहून-वाजवून झालं होतं. भट्टीच्या गावातल्या माणसांना तंगी ही बातमी वाटत नाही, ती त्यांच्या रोजच्या हिशेबातली गोष्ट असते. म्हणून त्यांनी नेहमीच्या भाषेत जे लिहिलं, ते त्या डिसेंबरात सगळ्या देशाला आपलं वाटलं. बिल्स्टन आणि वॉल्सॉलचे लोक जसे जगत आले होते तसं जगायची पाळी काही आठवड्यांसाठी सगळ्यांवर आली होती.

पेन्शन कुणाची

होल्डर या गाण्याला आपली पेन्शन म्हणत आला आहे. ती पेन्शन कशी चालते, हे समजून घेण्यासारखं आहे.

एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक लिहिलेल्या गाण्यावर, म्हणजे शब्दांवर आणि चालीवर. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणावर. दुकानात, पबमध्ये, रेडिओवर गाणं वाजलं की दोन्हींचे पैसे द्यावे लागतात. लेखक-संगीतकारांसाठी १९१४ पासून पीआरएस ही संस्था वसुली करते, तर ध्वनिमुद्रणासाठी १९३४ पासून पीपीएल. २०१८ पासून दोन्ही मिळून दुकानदाराला एकच परवाना देतात. दुकानदारानं वर्षाचे पैसे भरायचे आणि काय वाजलं त्याच्या नोंदींवरून वाटणी व्हायची. रेडिओ आणि टीव्हीचा हिशेब तर गाण्यागणिक लागतो.

‘मेरी एक्समस एव्हरीबडी’चे लेखक-संगीतकार म्हणून नावं आहेत दोनच, होल्डर आणि ली. त्यामुळं मोठा वाटा त्यांच्याकडं जातो. हिलच्या गिटारीला आणि पॉवेलच्या ड्रमला ध्वनिमुद्रणाच्या बाजूनं जे मिळतं ते मिळतं. बहुतेक बँडांत भांडणं लागतात ती इथंच. चौघांनी मिळून जे घडवलं त्याची कागदावर दोघांचीच मालकी, हे कायद्याला चालतं, मैत्रीला जड जातं.

ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत ब्रिटनमध्ये पूर्वी ५० वर्षं होती. तशीच राहती तर १९७३ च्या या ध्वनिमुद्रणावरचा हक्क २०२३ सरताना संपला असता. २०१३ मध्ये कायदा बदलून ती ७० वर्षं झाली, त्यामुळं तो आता २०४३ अखेरपर्यंत चालेल. शब्द-चालीवरचा हक्क त्याहून लांबचा, दोघांतला शेवटचा गेल्यावरही ७० वर्षं.

आपल्याकडं चित्र बराच काळ वेगळं होतं. गीतकार-संगीतकारानं एकरकमी पैसे घ्यायचे, हक्क निर्माता किंवा रेकॉर्ड कंपनीच्या नावे लिहून द्यायचे आणि विसरायचं. गणपतीत आणि दिवाळीत पिढ्यान्‌पिढ्या वाजणाऱ्या गाण्यांचे कर्ते म्हातारपणी हात आखडून जगले, ही आपल्याकडची जुनी कहाणी. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर हा विषय लावून धरला आणि २०१२ मध्ये १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क वारस किंवा हक्कवसुली संस्थेखेरीज कुणाला देऊनच टाकता येत नाही. म्हणजे वॉल्सॉलच्या खिडक्या धुणाऱ्याच्या पोराला १९७३ मध्ये जे सहज मिळालं, ते आपल्याकडच्या सणाच्या गाण्यांना कायद्यानं पक्कं व्हायला आणखी चार दशकं गेली.

दरवर्षीची शर्यत

१९७३ च्या त्या डिसेंबरात विझार्डचं गाणंही मैदानात होतं. त्यात घुंगरं आहेत, शाळकरी मुलांचा कोरस आहे आणि सुरुवातीलाच दुकानाच्या गल्ल्याचा आवाज आहे. स्लेडच्या गाण्यात अशी आरास नाही. विझार्ड चौथ्या क्रमांकावर थांबला. दोन शेजारी शहरांतल्या दोन रॉक बँडांची ही टक्कर लोकांनी इतकी चवीनं पाहिली की नाताळच्या आठवड्यात पहिला क्रमांक कुणाचा, हा ब्रिटनचा वार्षिक खेळच झाला. त्यावर सट्टा लागतो, वर्तमानपत्रं रकाने भरतात आणि रेकॉर्ड कंपन्या उन्हाळ्यापासून तयारी करतात.

स्लेडचं स्वतःचं नशीब मात्र यानंतर उतरलं. हेच त्यांचं शेवटचं पहिल्या क्रमांकाचं गाणं. त्या दशकात अमेरिकेत ते जमलेच नाहीत. १९८० मध्ये रेडिंगच्या संगीत महोत्सवात ऐनवेळी बोलावणं आलं आणि त्यांनी मैदान मारलं, तेव्हा थोडी ऊब परत आली. १९८३ मध्ये एका अमेरिकी बँडनं त्यांचं जुनं गाणं नव्यानं गाऊन तिकडं गाजवलं, तेव्हा अमेरिकेला कळलं की मूळ गाणं कुणाचं. १९९२ मध्ये होल्डर बाहेर पडला. बँड विस्कटला, पण डिसेंबरातलं गाणं चालूच राहिलं. १९८० च्या दशकात रेकॉर्ड पुन्हा पुन्हा काढली गेली. २००७ च्या सुमारास डाउनलोडची मोजणी लागू झाल्यावर, नवी रेकॉर्ड न काढताही, ते दर डिसेंबरात यादीत दिसू लागलं. २०१४ पासून ऑनलाइन ऐकलेलंही मोजतात. आता यादीत डिसेंबर म्हणजे जुन्या गाण्यांचं संमेलनच असतं. ती सगळी जागा अडवतात, म्हणून २०१७ पासून जुन्या गाण्यांच्या ऐकण्याला मोजणीत वजनच कमी दिलं जातं. तरीही १९८४ चं ‘लास्ट ख्रिसमस’ २०२३ मध्ये नाताळच्या आठवड्यात पहिलं आलं. त्याच महिन्यात अमेरिकेत ब्रेंडा लीनं तेराव्या वर्षी गायलेलं १९५८ चं गाणं, ती सत्तरी ओलांडून बरीच पुढं गेलेली असताना, पहिल्या क्रमांकावर पोचलं.

हे बघून दर उन्हाळ्यात शेकडो गायक-वादक नाताळचं गाणं करायला बसतात. गल्ल्याचा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. घंटा, बर्फ, शेकोटी, मुलांचा कोरस हे सामान कुठंही मिळतं. तरी त्यातली बहुतेक गाणी जानेवारीबरोबर विरून जातात. स्लेडचं टिकलं, कारण त्यात त्या सामानातलं जवळजवळ काहीच नाही. त्यात टाकून दिलेलं एक ध्रुवपद आहे, सासूबाईंचं आव्हान आहे, आठवण गमावलेल्या माणसानं धरून ठेवलेला ठेका आहे, उसनी आणलेली पेटी आहे आणि मोकळ्या मार्गिकेत घसा फाडून गाणारे चार कामगारांचे मुलगे आहेत. तंगीतल्या घरात सण कसा उभा करायचा, हे त्यांना गाणं करायच्या आधीपासून माहीत होतं. बाकीचे सणाचं वर्णन करत बसतात. या चौघांनी तो कामासारखा, बाही सारून केला.